रजेच्या अर्जातला ‘इनडिस्पोज्ड’

पत्राचा गोषवारा: लिहिणारी एकोणतीस वर्षांची आहे. रत्नागिरीत आंबा निर्यात करणाऱ्या एका खाजगी कंपनीच्या कार्यालयात हिशेब पाहते. गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी अंगात कणकण होती, ताप शंभरच्या आतबाहेर. तिने साहेबांना मेल केला, ‘ॲज आय ॲम इनडिस्पोज्ड, आय विल नॉट बी एबल टू अटेंड ऑफिस टुडे.’ हे वाक्य तिच्या वडिलांचं. ते हायस्कूलात शिक्षक होते आणि रजेचा अर्ज आयुष्यभर याच शब्दांत लिहायचे. साहेब नवीन आहेत, कोकणाबाहेरून आलेले. त्यांनी उत्तरात विचारलं, ‘इनडिस्पोज्ड म्हणजे कामाची इच्छा नाही असं समजायचं का?’ आणि मेलची प्रत एचआरला पाठवली. दुसऱ्या दिवशी चारचौघांत तेच बोलून दाखवलं. आता एचआरने लेखी खुलासा मागितला आहे. डिक्शनरीत पाहिलं तर दोन्ही अर्थ दिलेले: बरं नसणं आणि इच्छा नसणं. पत्राच्या शेवटी ती लिहिते, ‘खरं सांगू का, ताप होताच, पण जावंसंही वाटत नव्हतं. घरी गौरी, सासूबाईंचे गुडघे धरलेले, संध्याकाळी भजनाला माणसं येणार. घावनं मीच घातली. ताप नसता तरी रजा मागितली असती का, कळत नाही. मग मी खोटं बोलले का? माफी मागू, की डिक्शनरीचं पान जोडून पाठवू?’

प्रिय ताई,

खुलासा शब्दावरून मागितला आहे, म्हणून आधी शब्दाचंच बोलू. तुमचं वाक्य बरोबर आहे. अर्थाने बरोबर आहे आणि व्याकरणानेही.

डिक्शनरीत या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी छापलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याने मनाला येईल तो उचलावा असं वाटतं. तसं नसतं. कुठला अर्थ घ्यायचा हे वाक्याची ठेवण सांगते. ‘इनडिस्पोज्ड’ नुसता आला, किंवा त्याच्यापुढे ‘विथ अ कोल्ड’, ‘विथ फीवर’ असं काही आलं, तर अर्थ प्रकृतीचा: बरं नाही. त्याच्यापुढे ‘टू’ आणि लगेच क्रियापद आलं, ‘ही वॉज इनडिस्पोज्ड टू हेल्प’, तर अर्थ इच्छेचा: मदत करायला तो राजी नव्हता. हा दुसरा वापर आता पुस्तकांतच जास्त सापडतो. रोजच्या बोलण्यात ‘अनविलिंग’ किंवा ‘रिलक्टंट’ म्हणतात. तुमच्या वाक्यात शब्दामागे ‘टू’ नाही, तिथे स्वल्पविराम आहे. शिवाय पुढे तुम्ही ‘विल नॉट बी एबल’ लिहिलं आहे. ‘एबल’ म्हणजे शक्य असणं. येणं शक्य होणार नाही असं सांगणारं वाक्य ‘यायची इच्छा नाही’ असं कोणी वाचलं, तर ते वाचणाऱ्याने स्वतःच्या पदरचं घातलं.

दोन अर्थ एका शब्दात आले कुठून, तेही सांगते, कारण ‘मी खोटं बोलले का’ या तुमच्या प्रश्नाचा धागा तिथेच आहे. शब्दाचं मूळ लॅटिन, मांडणं, नीट लावून ठेवणं या अर्थाचं. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत ‘घडी न बसलेला, तयार नसलेला’ असा वापरला जाई. शरीराची घडी बिघडली की आजार, मनाची तयारी नसली की नाखुशी. सोळावं शतक संपेपर्यंत ‘जरासं बरं नसणं’ हा अर्थ रुळला होता, नाखुशीचा त्यानंतर पक्का झाला. आपल्या कार्यालयांत मात्र ‘डिस्पोज’ एवढाच तुकडा ओळखीचा. प्रकरण डिस्पोज झालं म्हणजे निकाली निघालं. त्यामुळे ‘इनडिस्पोज्ड’ पहिल्यांदा पाहणारा माणूस अडखळतो आणि अंदाज बांधतो. तुमच्या साहेबांनी तेच केलं असणार. एवढ्यावरून त्यांना वाईट माणूस ठरवायला मी तयार नाही.

वाक्य बरोबर असलं तरी या कामाला तो शब्द योग्य होता का? मला वाटतं, नव्हता.

‘इनडिस्पोज्ड’ किरकोळ आणि तात्पुरत्या दुखण्याला वापरतात. पाय मोडला, न्यूमोनिया झाला, तर कोणी इनडिस्पोज्ड म्हणत नाही. आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल वापरला जातो. न्यायमूर्ती आज बसणार नाहीत, अध्यक्ष सभेला येऊ शकत नाहीत, गायिका आज गाणार नाही, अशा सूचनांमधला तो शब्द. त्याचं कामच मुळी कारण न सांगणं हे आहे. प्रकृती बरी नाही, यापुढे विचारू नये, असा त्याचा अर्थ. अध्यक्षांना कोणी विचारतही नाही. पण हिशेब खात्यातल्या बाईने तोच पडदा ओढला की वरिष्ठांना पडद्यामागे काय आहे ते बघावंसं वाटतं. हा न्याय नाही, हे मला कळतं. पण कार्यालयात रजेचा अर्ज वाचणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: काय झालंय, आणि कधी येणार. तुमच्या वाक्यात दोन्ही नव्हत्या.

वडिलांचं निराळं होतं. त्यांच्या मुख्याध्यापकांनी तो शब्द कधी नीट वाचलाही नसेल. अर्जावर कोणाची सही आहे एवढं त्यांना पुरत होतं. गुरुजी वर्षानुवर्षं त्याच शाळेत, त्याच गावात. तुमच्या साहेबांना येऊन किती दिवस झाले? त्यांच्यासमोर फक्त शब्द होता, माणूस अजून ओळखीचं झालेलं नव्हतं. वडिलांनी हे प्रकरण ऐकून मनाला लावून घेतलं असेल तर त्यांना आवर्जून सांगा की त्यांचं इंग्रजी चुकलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही पण हे वाचणाऱ्या अनेकींच्या मनात असेल. पुष्कळ बायका हा शब्द पाळीसाठी वापरतात. ‘अडचण आहे’, ‘बाहेरची आहे’ असं म्हणायचा संकोच वाटतो, पोटात कळा येतात असं साहेबाला लिहायचा त्याहून जास्त, म्हणून इंग्रजीतला हा सभ्य शब्द जवळचा वाटतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण समोरच्याला तो संकेत माहीत नसेल तर तुमच्यावर आलेली वेळ त्यांच्यावरही येईल. ज्यांना स्पष्ट लिहायचं नाही त्यांनी ‘पोटात दुखतंय, आज येऊ शकत नाही’ एवढं लिहावं. ते खरंही आहे आणि त्यात इच्छेचा अर्थ कोणी काढू शकत नाही. बिहार सरकार 1992 पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना यासाठी महिन्याला दोन दिवसांची खास रजा देत आलं आहे. म्हणजे हे कारण रजेच्या कागदावर येऊ शकतं, आलेलं आहे.

आता तुमच्या साहेबांच्या रागाकडे येते. तुम्ही धरून चालला आहात की ते शब्दावर रागावले. माझा अंदाज असा की ते तारखेवर रागावले. कोकणात नोकरीवर आलेल्या बाहेरच्या अधिकाऱ्याला पहिल्याच वर्षी कोणीतरी सांगतं की गणपतीत आणि शिमग्यात इथे कार्यालय निम्मं रिकामं असतं, आणि त्या दिवसांत आलेल्या आजारपणाच्या अर्जांकडे जरा जपून बघा. मुंबईतल्या कंपन्यांमधले साहेबही चाकरमान्यांबद्दल हेच ऐकत आलेले असतात. गौरीपूजनाच्या सकाळी तुमचा मेल आला, त्यात तापाचा उल्लेख नाही, उद्या येते असं नाही, आणि एक अनोळखी शब्द. त्यांनी मनातली शंका त्या शब्दावर टांगली. त्याच दिवशी तुम्ही ‘अंगात ताप आहे, उद्या सकाळी कळवते’ एवढं लिहिलं असतं तरी त्यांना शंका आली असती, पण ती लेखी मांडायला त्यांच्याकडे जागा राहिली नसती.

मग तुम्ही खोटं बोललात का? तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात जड वाक्य आहे, आणि एचआरच्या खुलाशापेक्षा ते तुम्हाला जास्त टोचतंय असं मला पत्र वाचताना वाटलं.

तुम्ही असं धरलंय की ताप खरा असेल तर मन पूर्ण कामावर असायला हवं होतं, आणि मन घरी होतं म्हणजे ताप निमित्त ठरला. हे असं कोणाचंच नसतं. अंग मोडून आलेलं असताना कोणाला नऊ तास खुर्चीत बसावंसं वाटतं? बरं नसलं की मनही मागे सरतं. आपण म्हणतोच ना, आज जिवावर आलंय. हे म्हणणाऱ्याला नेमकं अंगाचं सांगायचं असतं की मनाचं, ते बहुतेक वेळा त्यालाही सांगता येत नाही. ताप होता. तो तुम्ही मोजला होता. तेवढं रजेला पुरेसं होतं. मन कुठे होतं याचा हिशेब कंपनीला द्यायचा नसतो.

पण घावनं घातलीत ना, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारताय, साहेबांनी विचारायच्या आधीच. त्याचं उत्तर नीट बघा. घरी तापात तव्यापुढे उभं राहता आलं, कारण दोन घावनं काढून भिंतीला टेकता आलं. पेज प्यायलात, दुपारी पडलात, जाऊबाईंनी किंवा शेजारणीने मध्ये हात दिला असेल. कार्यालयात ही सोय नव्हती, आणि जाण्यायेण्याची एसटी निराळी. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाच रजा मिळावी असा नियम कुठे नाही. तरी एक बोलते, रागावू नका. त्या दिवशी तुम्हाला खरी रजा मिळालीच नाही. कामावरून सुटलात आणि तापात चुलीपुढे उभ्या राहिलात. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे कळतं. पण घरातल्या पुरुषांपैकी कोणी पीठ भिजवलं का, नारळ खवला का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही, आणि ते न येणं मला खटकलं. साहेबांना खुलासा द्याल तेव्हा घरीही एक वाक्य बोला: अंगात ताप असताना मी सगळं एकटीने करणार नाही.

ताप नसता तरी रजा मागितली असती का, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं नसती मागितली, कारण मागायचा धीर झाला नसता. गौरी आहेत म्हणून रजा हवी, असं सरळ लिहायची तुमच्या कार्यालयात रीत नाही. म्हणून ज्या वर्षी त्या दिवशी ताप येतो त्या वर्षी तापाचं ओझं दुप्पट होतं. त्याबद्दल खाली लिहिते.

आधी खुलासा. डिक्शनरीचं पान जोडू नका. तुम्ही बरोबर आहात हे सिद्ध होईल, पण साहेबांना चारचौघांत इंग्रजी शिकवल्यासारखं होईल, आणि उद्या सह्या त्यांच्याच घ्यायच्या आहेत. माफीही मागू नका. माफी मागितली तर ‘इच्छा नव्हती’ हे कबूल केल्यासारखं फाईलला राहील, आणि ती फाईल तुमच्या पगारवाढीच्या वेळी उघडली जाईल. तुमची बाजू मात्र लेखी गेलीच पाहिजे, कारण त्यांचा आरोप लेखी आहे. चार ओळी पुरेत, मराठीत चालत असेल तर मराठीत:

‘अमुक तारखेच्या माझ्या मेलमधील इनडिस्पोज्ड हा शब्द मी प्रकृती बरी नसल्याच्या अर्थाने वापरला होता. त्या दिवशी मला ताप होता. काम करण्याची इच्छा नसल्याचा अर्थ मला अभिप्रेत नव्हता. कृपया ही नोंद मूळ मेलसोबत ठेवावी. यापुढे रजेच्या अर्जात कारण व परतण्याचा दिवस स्पष्ट लिहीन.’

इंग्रजीतच हवं असेल तर ‘आय यूज्ड द वर्ड टू मीन दॅट आय वॉज अनवेल; आय हॅड अ फीवर दॅट डे’ असं सुरू करा. शेवटची ओळ माफी नाही, पण साहेबांना त्यांचं म्हणणं पोचल्यासारखं वाटेल, आणि वाद तिथे थांबायला त्यांनाही वाट मिळेल. डॉक्टरकडे गेला नव्हतात तर आता मागच्या तारखेचा दाखला मिळवायच्या भानगडीत मुळीच पडू नका. तो खरा खोटेपणा होईल.

चारचौघांत बोलले त्याचं काय? ते खुलाशात घालू नका. एखाद्या शांत दुपारी केबिनमध्ये जाऊन सांगा, ‘सर, मला ताप होता. सगळ्यांसमोर इच्छा नाही म्हणालात ते मला लागलं.’ एवढं बोलून त्यांना बोलू द्या. नवीन माणसाला बहुधा आपलं बोलणं किती लागलं ते कळलेलंच नसतं. पुन्हा तसंच झालं तर मात्र तोंडी न ठेवता लेखी सांगा.

पुढच्या अर्जांसाठी साधे शब्द घ्या. ‘आय ॲम अनवेल’ कुठेही चालतं. ‘आय हॅव फीवर’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं. ‘सिक लीव्ह’ म्हणायला हरकत नाही, पण ब्रिटिश इंग्रजीत ‘आय फील सिक’ म्हटलं की मळमळतंय असा अर्थ घेतात, तेवढं लक्षात असू द्या. ‘इल’ जरा जास्त आजारी. ‘सफरिंग फ्रॉम’ अर्जांच्या नमुन्यांत फार दिसतं, साध्या सर्दीला ते जड होतं. आणि मराठी अर्ज चालत असेल तर ‘आज ताप आहे, येऊ शकत नाही, उद्या सकाळी नऊपर्यंत कळवते’ याच्याहून चांगलं वाक्य मला सुचत नाही.

तापाबद्दल एक सांगून ठेवते. कणकण आहे म्हणून क्रोसिन घेऊन अंगावर काढायची आपल्याकडे सवय आहे, आणि पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती महागात पडते. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, सुरुवात अशाच तापाने होते. अंग दुखतं, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी आणि चिखल पायाच्या जखमेतून शरीरात शिरलं की हा आजार होतो, आणि दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. तुम्ही किंवा घरातलं कोणी शेतात, मळ्यात उतरत असेल आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि चिखलात गेलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगा. तिथे ‘जरा बरं नाही’ असं मोघम बोलू नका.

आता गौरींच्या रजेचं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. तुमचं कार्यालय त्यात बसतं का ते एचआरला विचारा. कारखान्याच्या आवारातल्या कामाला नियम वेगळे असतात. बसत असेल तर वर्षाला 8 दिवस पगारी नैमित्तिक रजा तुमच्या हक्काची आहे, आणि गौरीपूजनासाठी ती आधी अर्ज करून मागता येते. त्या अर्जात ‘घरी गौरीपूजन आहे’ असंच लिहा. कारण खरं आहे आणि कोकणातल्या कुठल्याही कार्यालयाला ते ठाऊक आहे. साहेब नाही म्हणाले तरी तो नकार रजेला असेल, तुमच्या खरेपणाला नाही.

त्याच कायद्यात सणांच्या 8 पगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार कोणत्या, ते मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायचं असतं. बहुतेक ठिकाणी हे कोणी विचारतच नाही आणि मुख्य कार्यालयातून आलेली यादी फळ्यावर लागते. मुंबई-पुण्याला बसून यादी करणाऱ्याला गौरीपूजनाचा दिवस सुचणार नाही, शिमग्यात गावची पालखी घरी येते तो दिवस तर नाहीच. तुम्ही डिसेंबरच्या आत सहकाऱ्यांशी बोला. ज्यांच्याकडे ईद आहे, नाताळ आहे, त्यांचंही ऐका, चार दिवसांत सगळ्यांना सांभाळायचं आहे. पालखीचा दिवस गावागणिक वेगळा असतो, त्यामुळे तो नैमित्तिक रजेतूनच घ्यावा लागेल. गौरीपूजनावर मात्र एकमत व्हायला अडचण येऊ नये. यादी ठरली की सगळ्यांच्या सह्यांनी एचआरला द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.